दोन नळ्या

फेरीवर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला,
आणि एदुविना म्हणाली, काच खाली करू नकोस.
वारा तिला आता चावतो.
थंड काहीही हाताला लागलं
की बोटांतून वीज जाते. औषधाचा गुण, म्हणाली.
गुण. दोष नाही म्हणाली.
दर दुसऱ्या बुधवारी तो गुण अंगात सोडून घ्यायला
आम्ही चिलोए बेट सोडून पलीकडे जातो,
पुएर्तो मोंतला, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत.

आमच्या बेटावर थंड नसतं तरी काय?
नळाचं पाणी, चमचा, चर्चचा बाक,
बटाट्याच्या वाफ्यातली माती,
नवऱ्याचे पाय, असं ती म्हणायची,
नवरा होता तेव्हा.

तीस वर्षं आम्ही एकाच भोपळ्यातून माते प्यालो.
कडू पाला, वर कढत पाणी, आणि एकच नळी.
ती ओढणार, मग मी ओढणार,
मध्ये केटली, मध्ये सगळ्या गावाची उणीदुणी.
नर्स म्हणाली, पांढऱ्या पेशी उतरल्यात,
कुणाचं उष्टं चालणार नाही.
मी बाजारातून दुसरा भोपळा आणला, दुसरी नळी.
एदुविनाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.
बराच वेळ पाहिले.
मग म्हणाली, तुझा मोठा आहे.
आणि बदलून घेतला.

सुरुवातीला मी फार बोलायचे.
धाकट्या जावेने सांगितलेला काढा,
कास्त्रोच्या कुणा बाईला आलेला गुण,
तू लढणारी आहेस, एदुविना, तू लढणारी.
तिने डोळे मिटूनच सांगितलं,
मी लढत नाहीये, नोल्फा.
मी बसलेय. चार तास.
आणि मला लघवीला लागलीय, ती दांडी ढकल जरा.

पाचव्या खेपेला पत्ते नेले.
त्रुको. ज्यात हातात काही नसताना
सगळं असल्यासारखं बसायचं.
मी मुद्दाम हरले.
तिने पत्ते माझ्या मांडीवर फेकले.
मेले नाहीये अजून, म्हणाली,
आणि मेले तरी फुकटचं जिंकायचं नाही मला.
मग मी तिला खरंच हरवलं. तीन डाव, चारशे पेसो.
लोकरी हातमोज्यांतून तिने एकेक नाणं मोजून दिलं,
मला शिव्या दिल्या, माझ्या आईला दिल्या,
गेल्या हिवाळ्यात मेलेल्या माझ्या कुत्र्यालाही दिल्या.
कित्येक आठवड्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

परतीच्या फेरीवर एकदा
समुद्रसिंह बोयावर चढून भुंकत होते,
आणि ती समोर बघत म्हणाली,
मी गेले तर माझे बटाटे कोण लावेल?
आधीची मी म्हणाले असते, असं बोलू नये.
घशाशी आलंही होतं.
मी म्हणाले, मी लावीन.
पण ते जांभळे वाकडेतिकडे नाही लावणार,
सोलताना जीव जातो.
जांभळेच लाव, ती म्हणाली.
दोन ओळी.
एक, मी म्हणाले.
किनारा येईपर्यंत आम्ही दीडवर आलो.

जून म्हणजे इकडे ऐन हिवाळा.
बुधवारी मी पहाटे पाचलाच तिच्या फाटकाशी जाते,
गाडी लांब थांबवते, म्हणजे आवाज नको,
आणि गजांतून हात घालून
आतली लोखंडी कडी मुठीत धरून उभी राहते.
आधी कडी माझा हात गार करते.
मग कधीतरी उलटं होतं.
सहाला ती येते, पिशवी खांद्यावर,
हातमोजे नेहमीसारखे घरात विसरून,
कडी काढते, क्षणभर थांबते.
आज ऊन लवकर पडलंय, म्हणते.
काळोख असतो. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा.
त्रुकोतसुद्धा ती अशीच खोटं बोलते,
चेहऱ्यावरची रेघ हलू न देता.