अकरावा स्क्रू

दहा निघाले.
बशीत गोल मांडून ठेवलेत, निघाले त्याच क्रमाने.
अकरावा मधोमध, कागदाच्या टिकलीखाली.
करंगळीच्या नखाएवढी टिकली
आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत:
फाटल्यास वॉरंटी रद्द.

वॉरंटीचे पाच महिने सतरा दिवस उरलेत.
दोनदा मोजले मी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.
खाली कॉम्प्रेसर सुरू, टेबल थरथरतंय,
ओढणीला अमोनियाचा वास.

मंगळवारपासून डिस्क कुरकुरत होती,
अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखी.
मग नुसतंच टक्. थांबून टक्.
आत हर्णै बंदराची दोन वर्षांची बर्फाची उधारी:
कुणी किती लाद्या उचलल्या,
कुणी "नारळी पुनवेनंतर देतो" म्हणाला,
कोणत्या पुनवेनंतर, ते म्हणाला नाही.

पुण्याला फोन लावला. पलीकडची मुलगी मधासारखं बोलली:
मॅडम, पाठवून द्या, एकवीस दिवस,
डिस्क नवी मिळेल, पैसे नाहीत.
आणि जुनी?
जुनी आमच्याकडे जमा होते.
आतल्या माहितीची जबाबदारी कंपनीची नाही.
म्हणजे पावशांच्या चौदा लाद्या पुण्यात जमा.

बारका पेचकस दिला घड्याळवाल्या सोलकरचाचांनी.
"गरम हवा मार," डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले,
"टिकली अख्खी सुटते. काम झालं की चिकटव परत.
कुणाच्या बापाला कळत नाही."
केस वाळवायचं यंत्र घरी होतं, बहिणीच्या लग्नातलं.
हातात घेतलंसुद्धा.
मग वाटलं, पाच महिन्यांसाठी खोटं बोलायचं
तर ते नीट पाठ करावं लागेल,
आणि पाठांतरात मी शाळेपासून कच्ची.

नखाने फाडली.
आवाज झाला नाही. मला वाटलं होतं, होईल.

झाकण उचललं तर आत मीठ.
कडेकडेने पांढरी रेघ, भरती येऊन गेल्यासारखी,
पट्टीवर गंज, पंख्याच्या पात्यात एक खवला,
कुठल्या माशाचा कोण जाणे, चांगला चमकत होता.
तेव्हा कुठे वॉरंटीचं पुस्तक काढून वाचलं,
शेवटून दुसरं पान:
दमट वा खाऱ्या हवेने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही.
म्हणजे खोकं दापोलीहून खाली उतरलं
त्याच दिवशी संपली होती ती,
आणि मी आपली टिकलीला जपत होते,
ओला फडका लागू दिला नाही.

नवी डिस्क पत्त्यांच्या कॅटाहून हलकी. बसली.
जुनीला दोन पिशव्यांत गुंडाळून
रात्रभर लाद्यांच्या मध्ये ठेवलं.
असं केलं की थोडा वेळ शुद्धीवर येते म्हणे.
कोण म्हणालं ते आठवत नाही,
पण बर्फाला आपल्याकडे तोटा नाही.

सकाळी वायर जोडली.
चाळीस मिनिटं ती शहाण्यासारखी चालली.
मागचं वर्ष आलं सगळं,
यंदाचा शिमगा आला, बंदीचे कोरडे दोन महिने आले,
ऑगस्टच्या मध्यावर टक्.
पुन्हा टक् नाही.

संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलं:
ऑगस्टनंतरची उधारी ज्याची त्याने येऊन सांगावी.
मॅनेजर खेडेकरांनी चष्मा पुसला. "बुडालो," म्हणाले.

पहिला पावसे आला, चपला बाहेर काढून.
"चौदा लाव. नाय, थांब, सोळा. दोन पोराने नेलेल्या."
त्याच्यामागून एक जण सहा म्हणाला,
मला नऊ आठवतात.
सहा लिहिल्या.
टिकलीचा अर्धा तुकडा अजून नखात अडकलाय,
टाइप करताना टोचतो.
दोरकुळकर यायचा आहे. सगळ्यांत जास्त त्याच्याकडेच.
बोट बाहेर आहे त्याची,
बुधवारपर्यंत.