तिसरी तारीख

ओरोसच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
बाहेरच्या पाटीवर 'सरकारी कामगार अधिकारी',
प्लायवूडला दमट हवेनं पोट आलंय,
नेमकं 'कामगार' जिथे लिहिलंय तिथेच.

लोक विचारतात, तुम्ही करता काय नक्की?
मी तारखा देते.
दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवते,
पंख्याचं तोंड कुणाकडे वळवायचं ते ठरवते,
ज्यांना सहाची एसटी गाठायची असते
त्यांचं आधी ऐकते.
निकाल देणं माझ्या हातात नाही,
हे पहिल्याच तारखेला सांगून टाकते,
तरी बायका माझ्याकडे बघतात
रेशनच्या दुकानातल्या काट्याकडे बघावं तसं.

वेंगुर्ल्याचा काजू कारखाना. सतरा बायका.
मे महिन्यात हजेरीचं नवं यंत्र बसलं:
बोट ठेवा, हिरवा दिवा, आत.
यांना हिरवा लागेचना.
बीच्या तेलानं खाल्लेल्या रेघा,
राख चोळून, खोबरेल चोळून
वीस-बावीस वर्षं सांभाळलेली कातडी,
आता नुसती गुळगुळीत.
लाल दिवा म्हणून गैरहजर,
गैरहजर म्हणून पगार नाही.
सोललेल्या गराचं वजन मात्र वहीत रोजच्या रोज.
वजनाला बोटं लागत नाहीत.

पहिल्या तारखेला मालकाकडून कुणीच आलं नाही.
दुसरीला पत्र: शेठ गोव्यात आहेत.
प्रयाग गिरप त्या दिवशी एवढंच म्हणाली,
"शेठ माका वळकता, शेठचो कुत्रो वळकता,
मशीन वळकणा नाय."
मी लातूरची. मला अर्थ लागायला क्षण गेला,
मग हसू आवरायला दुसरा.

तिसरीला व्यवस्थापक केरकर आले,
सोबत वकील, आणि एक डबा.
"मॅडम, चतुर्थी जवळ आलीय."
मी डबा परत सरकवला.
तो मध्येच थांबला, टेबलाच्या बरोबर मध्यावर,
कारण नातालिननं त्यावर हात ठेवला होता.
"उगडू?"
कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाहीही.

अख्खे, पांढरे, एकही पाकळी सुटलेली नाही.
तिनं एक उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवला.
"हो माज्या हातचो.
साल काडताना टोकाक मी असां नख लावतंय."
टोकाशी खरंच बारीकशी खूण होती,
चंद्रकोर म्हणायचीही लाज वाटावी इतकी बारीक.
मग प्रयागनं आपला शोधला,
मग चंद्रभागा धुरी वाकली चष्मा नसताना,
मग माझं टेबल म्हणजे
हजेरीपटच झाला.
वकील पेनचं टोपण लावत होते, काढत होते.

रोजनाम्यात याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं.

उद्यापासून वहीत पेनानं हजेरी, हे केरकरांनी मानलं.
मागचे एकेचाळीस दिवस?
"शेठना विचारून सांगतो."
पुढची तारीख एकोणीस.
वर कळवायच्या अहवालात
'समेट' या शब्दाच्या पुढे मी जागा सोडली,
मला हल्ली ती सोडायची सवय झालीय.

सह्या झाल्या. प्रयागनं अंगठा उमटवला:
एक निळा डाग, आत काहीच नाही,
ओढ्यातल्या गोट्यासारखा.
त्याखाली मी लिहिलं 'माझ्यासमक्ष',
आणि आज प्रथमच तो शब्द
मी शिक्का न मारता, हातानं, सावकाश लिहिला.

एसटी गेली. केरकर डबा घेऊन गेले.
टेबलावर एक काजू राहिला होता, नखाचा.
खाणं बरं नव्हे, टाकणंही नाही,
टाचणी लावावी तर दुभंगणार.
पाकिटात घालून फायलीत ठेवलाय.
एकोणीसला बघू,
मुंग्या लागल्या नसतील तर.