पन्नास मिनिटं

चोडणला मानशीवर कामाला लागलो तेव्हा
रुझारनं आधी माझं घड्याळ मागितलं.
स्वतःच्या मनगटावर बांधत म्हणाला,
हे तुला झोपवील.

सात वर्षं मी कळंगुटला, हॉटेलच्या रिसेप्शनवर.
शिस्त म्हणजे इस्त्रीची कॉलर,
यंत्रावर अंगठा, आठच्या आत,
आणि महिनाअखेर मागच्या खोलीत लागणारा
टार्गेटचा तक्ता. त्यात दोनदा माझा फोटो.

इथं तक्ता नाही. खाडी आहे,
आणि ती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा भरते.

आज पहाटे तीन वीसला. उद्या चार दहा.
परवा पाचला, पदेराची सायकल
भोंपू वाजवत बांधाच्या टोकाशी येते तेव्हा.
मग सकाळ, मग ऐन जेवणाची वेळ,
मग दिवेलागण, मग पुन्हा
अंधारात चपला चाचपणं.
ठरल्या वेळेला उठायची सवय कुणालाही लागते,
कोंबड्यालासुद्धा.
सरकत्या वेळेची सवय
अंगाला लागता लागत नाही.

पाणी चढायच्या आधी फळ्या खाली.
सुकती लागली की वर.
मधे बांधावरून वाकून चालायचं,
कुर्ल्यांनी पाडलेली भोकं बुजवत:
मूठभर चिखल, तळव्यानं दोन थापा, पुढचं भोक.
पहिल्या दिवशी मी मोजली, एकेचाळीस.
दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर सत्तेचाळीस.
मग काल काय केलं आपण, मी विचारलं.
रुझार म्हणाला, कुर्ल्यांनाही काम असतं बाबा.

नरकासुराच्या रात्री तो दिवाडीला बहिणीकडे,
पाळी माझी. भरती अकराला.
फेरीनं पलीकडे रायबंदरला गेलो, नुसता बघून येतो म्हणून.
वीस फुटी राक्षस, कागदी दात, डोळ्यांत लाल बल्ब,
आणि स्पीकर असा की छातीत दुसरं काळीज.
शेवटची फेरी चुकली.
अवसेजवळचं उधाण होतं,
ते कुणासाठी थांबलं नाही.

सकाळी धाकू आमोणकरच्या कुणग्यात
पिकल्या कोरगुटाच्या लोंब्यांमधून
काळुंद्रांची पिल्लं पोहत होती.
कोरगुट खार सोसतं. पण किती सोसावं त्यानं.
धाकू मेरेवर बसून होता,
विळा मांडीवर आडवा.

रुझार आला, गुडघाभर उतरला,
बोटावर चिखल घेऊन जिभेला लावला, थुंकला.
मग मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्यापुढे धरलं.
मला वाटलं, जा म्हणतोय.
बंद पडलंय कधीचं, तो म्हणाला.
साडेअकराला ये.

एवढंच. आणि मी सव्वाअकराला होतो,
कशावरून कळलं ते सांगता येणार नाही.
चिपीच्या मुळांशी फेस उलटा फिरला होता, बहुतेक.

या गोष्टीला तीन पावसाळे झाले.
तेवढ्या भरत्या मी मोजलेल्या नाहीत,
मोजायचो ती खोड गेली.
रुझारचे गुडघे गेले. तो जांभ्याच्या चिऱ्यावर बसून
माझ्या थापा ऐकतो, एखादी पोकळ वाजली
तर काठीनं जागा दाखवतो.
धाकूच्या कुणग्यात परत भात येतं,
फक्त एका कोपऱ्यात चटईएवढी जागा
अजून पांढरी, तिथं गवतसुद्धा धरत नाही.
बांधावरून जाताना वाट वाकडी करून
मी तिथून जातो. धाकू बघतो. बोलत नाही.

बहीण फोनवर म्हणते, पुढं काय ठरवलंयस?
हॉटेलवाले अजून विचारतात तुझं.
मी म्हणतो, रात्री एक पन्नास.
ती हसते. तिला वाटतं टाळतोय.

हेही त्या मधल्या वेळातच लिहितोय,
बॅटरीच्या उजेडात, ओल्या वहीत.
आणखी एक ओळ सुचत होती,
पण खाली लाकूड कुरकुरलं.
दुसरी फळी भिजली असणार.