घडी

फिंडलेच्या बाईनं पिल्लासोबत
पाच पिढ्यांची वंशावळही दिली, सोनेरी शिक्क्याची.
आमची सोयरीक जमताना
एवढी चौकशी झाली नव्हती.

कान पाहूनच घेतली होती.
पोळीची घालतात तशी घडी,
कडेला जराशी फुगलेली.

तपकीर नाव ठेवलं.
ओट्यावर चढत नाही, पडद्याला लोंबकळत नाही.
गुणाची आहे हो,
मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आज डॉक्टर कोवाल्चिकनं
एक्स-रे दाखवला.
घोट्यांत, शेपटीच्या मुळाशी
हाडावर हाड साचलेलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं.
कूर्चाच कच्ची, ती म्हणाली, जन्मापासून, सगळीकडे.
कानात तेवढी दिसते.

मी पर्समधून वंशावळ काढली, उगाच.
आजे, पणजे, सगळ्यांची नावं, रंग, बक्षिसं.
कोण लंगडायचं
ते लिहायला रकाना नव्हता.

टोलेडोत चार वाजताच अंधारलंय.
पार्किंगमध्ये हीटर लावून बसलेय,
गाडी काही सुरू करवत नाही.
शेजारच्या सीटवर, पिंजऱ्यात,
ती या पायावरचा भार त्या पायावर घेते,
आवाज न करता,
जिला मी दोन वर्षं
गुणाची म्हणत होते.