वाट सोपी आहे

फाटकावर पाटी : "वाट सोपी आहे.
लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांना योग्य.
अंतर सव्वादोन किलोमीटर."
अप्पांनी पाटी वाचली,
चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली,
आणि रुंजीला म्हणाले, "म्हणजे आपल्या दोघांची."
रुंजी पाच वर्षांची.
अप्पा, बायपासनंतर मोजले तर, चार महिन्यांचे.

जानेवारी. गंगापूर धरणाच्या पाण्यावरून
धुकं अजून उठलेलं नाही.
शेजारच्या बागेत द्राक्षांचे घड
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले,
बातम्यांच्या आत गोड होत चाललेले.
पलीकडे अंजनेरी, माथा सपाट,
कुणी इस्त्री फिरवल्यासारखा,
तिच्या खांद्यामागून ब्रह्मगिरी अर्धाच.
सुहास फोटो काढतो. डोंगर मावत नाही.
मागे सरकतो. अजून मागे. बाभळीत सरकतो.

वाट खडीची. पावलागणिक कर्र, कर्र.
रुंजीचे बूट भरभर बोलतात, माझे सावकाश,
अप्पांची काठी मध्येच स्वल्पविराम देते.
"वीसची आहे," अप्पा म्हणाले.
"काय वीस?"
"वीस एमएम. खाली चाळीसची असणार.
रोलर नीट फिरवला नाही बघ इथं."

बावीस वर्षं विल्होळीकडच्या क्रशरवर
चाळणीसमोर उभा राहिलेला माणूस
कुठल्याही वाटेकडे असाच बघतो.
संध्याकाळी घरी यायचे ते पांढऱ्या भुवयांनी.
आई दारातच टॉवेल द्यायची.
मला वाटायचं, अप्पा रोज म्हातारे होतात
आणि मोरीतून रोज तरुण होऊन येतात.
आता आंघोळीनंतरही भुवया तशाच राहतात.

वळणावर बाक होता. चहा ओतला,
अप्पांचा बिनसाखरेचा, त्यांच्या तोंडासकट.
रुंजीने मूठ उघडली :
"हा कुठल्या डोंगराचा?"
अप्पांनी खडा बोटांत फिरवला, धार पाहिली,
जिभेचं टोक लावलं. "काळा पाषाण. आपल्याकडचाच."
"तो डोंगर दाखवा ना."
काठी उचलली गेली. अंजनेरीवरून फिरली,
ब्रह्मगिरीवरून, मग उत्तरेला, रामशेजकडे,
तिथे जराशी थबकली
आणि खाली आली.
"इथून नाही दिसत."
"मग कुठून दिसतो?"

सुहास पाण्यावरचे पक्षी मोजू लागला.
मी डब्याचं झाकण लावलं. ते लागलेलंच होतं.
"कुठूनच नाही," अप्पा म्हणाले.
"आपण त्याच्यावरच चाललोय."

रुंजीने खाली पाहिलं.
एक पाय उचलला. तो टेकवून दुसरा.
दोन्ही एकदम उचलून धरता येईनात.
मग ती वाटेच्या कडेला उकिडवी बसली
आणि खड्यावर खडा ठेवू लागली.
ढासळलं. पुन्हा ठेवलं. ढासळलं.
मला वाटलं अप्पा म्हणतील, चला, ऊन चढतंय.
अप्पा काठीच्या आधाराने, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तसे,
गुडघा मोडून खाली बसले.
"पाया रुंद घे," म्हणाले. "मोठे खाली.
घाई नाही. मोडायला घाई लागते."

फिरायला आलेली माणसं वळसा घालून गेली.
लांबून रखवालदार ओरडला,
"ओ, खडी वाटेवरच राहू द्या!"
अप्पांनी हात वर केला, हो म्हणाले, आणि अजून दोन ओंजळी ओढल्या.

वीतभर झाला.
सुहास पोटावर आडवा झाला, स्वेटरला कुसळं,
आणि त्या फोटोत
तो ढीग अंजनेरीपेक्षा बोटभर उंच आहे.
"आता मावला," तो म्हणाला.
अप्पांना उठवायला दोघं लागलो.

घरी, रात्री, वॉशिंग मशीन फिरताना
आत काहीतरी खडखडायला लागलं.
रुंजीच्या फ्रॉकचा खिसा बघायला मी विसरले होते.
आतल्या खोलीतून, पेपर न हलवता,
अप्पांचा आवाज :
"वीसचीच आहे."