कलम सात

सकाळी सव्वासातला दार बंद होतं.
ते मीच बंद करते.
नियम माझे नाहीत, तोंड माझं आहे,
म्हणून सोहारच्या या औद्योगिक वसाहतीत
निम्मी माणसं मला कलमवाली बाई म्हणतात
आणि उरलेली काय म्हणतात
ते माझ्यासमोर म्हणत नाहीत.

बंद जागेतलं काम आणि सुटका. दिवस तीन.
टाकीत उतरणाऱ्यांसाठी.
मी वाचून दाखवते, आधी इंग्रजीत, मग हिंदीत,
मग खल्फान अरबीत सांगतो आणि मधेच सगळ्यांना हसवतो,
नेमक्या कुठल्या कलमावर, ते मला पाच वर्षांत कळलेलं नाही.
मोबाईल टोपलीत.
पंधरा मिनिटं उशीर म्हणजे अख्खा दिवस बाद.
दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, सबब
(हे कलम मी जमिनीकडे बघून वाचते)
गुळगुळीत होऊन यावं.

आणि कलम सात :
नोंदवलेला उमेदवार येऊ शकत नसेल
तर आदल्या दुपारपर्यंत
कंपनी दुसरा पाठवू शकते.
शुल्क तेच.

रविवारी तिसऱ्या टेबलावर पाटी होती :
लियाकत सरगुरोह, फिटर.
तिच्यामागे येऊन बसला एक पोरसवदा,
रापलेल्या चेहऱ्यावर दाढीपुरती जागा
नव्या भांड्यासारखी उजळ.
मी हजेरी घेत होते. लियाकत सरगुरोह?
तो थांबला.
एसी थांबला नाही.
मग म्हणाला, हजर.
मराठीतला हजर, मला लगेच कळतो.

चहाला गाठलं त्याला.
तू लियाकत नाहीस.
'नाय बाई. रूपेश म्हादलेकर. मंडणगडचा.
माका शुक्रवारी सांगितलं कंपनीनं.
त्याचीच खाट दिली, त्याचाच लॉकर.
आत खोबरेलाची बाटली होती, अर्धी.
लावू की नको समजंना.
तशीच ठेवलीय.'
आणि तो कुठे गेला?
'कोण म्हणतो घरी. कोण म्हणतो इस्पितळात.'
त्याने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
तो बराच वेळ कपात बघत राहिला.

आमच्या अर्जात तो रकाना नाही.
कलम सात कारण विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत, साडेनवाला,
मागच्या अंगणातली लोखंडी टाकी.
आत ऐंशी किलोचा पुतळा, त्याला ओढून काढायचा.
रूपेशला तोंडाशी उभं केलं, हातात दोर आणि वही.
खल्फान समजावत होता :
जो आत जाईल त्याचं नाव लिही.
बाहेर आलेला डोळ्यांनी बघितलास
की मगच नावावर रेघ मार.
वही भरल्याशिवाय जेवायलासुद्धा हलायचं नाही.

रूपेशने हात वर केला, शाळेत करतात तसा.
'आणि आत गेलेला दुसऱ्याच्या नावावर गेला असंल तर?'

खल्फान हसवायला विसरला.
'तर भाई,' तो म्हणाला,
'आपण चुकीच्या माणसाची वाट बघत बसू.'

त्या संध्याकाळी मी कंपनीला लिहिलं.
उमेदवार बदललेला दिसतो, कळवलं नाहीत,
आणि आधीचा उमेदवार
यापुढे एकही शब्द पाठवण्याजोगा सुचेना,
म्हणून 'आहे कुठे' एवढंच.
उत्तर बारा मिनिटांत आलं.
बदली उमेदवार स्वीकारल्याबद्दल आभार.

प्रमाणपत्रावर नाव बरोबर छापलं. रूपेश ते
दोन्ही हातांनी धरून गाडीत चढला,
जसा काही पापड, मोडेल म्हणून.

नियमाप्रमाणे जुनं नाव खोडायचं असतं.
पेन हातात होतं.
मी त्याच्या खाली रूपेशचं लिहिलं, बारीक अक्षरात,
मावलं.
वरचं तसंच ठेवलंय.
रेघ मारायची ती
बाहेर आलेला दिसल्यावर.