सुट्टे

नवीन पोर आलं की मी आधी दोनशे मीटर पळवतो.
पालक कुजबुजतात, सर तर आठशेवाले, मग हे कशाला?
मी सांगत बसत नाही. घड्याळाची काच शर्टाला पुसतो.

मला कुणी पळवलं नव्हतं दोनशे.
चेंबूरच्या खत कारखान्यामागून ट्रॉम्बेच्या जेट्टीपर्यंत
जाऊन येऊन चौदा किलोमीटर, पहाटे, तेरा वर्षं.
सर म्हणायचे, पेडामकर, दम कमी पडतोय.
मी दम वाढवला.
इतका, की शर्यत संपल्यावर
कुणाशीही निवांत गप्पा मारू शकायचो;
पहिला आलेला मात्र गवतावर आडवा, बोलायच्या पलीकडे.
दोन मिनिटं सहा सेकंद. पुढच्या वर्षी दोन-सहा.
त्याच्या पुढच्या वर्षी लग्न, आणि दोन-सहा.

चौतिसाव्या वर्षी, सर गावी गेले असताना,
एकटाच सुटलो दोनशे, जिवाच्या आकांताने.
सव्वीस पूर्णांक आठ.
तिथेच पांढऱ्या पट्टीवर बसून हिशेब केला,
कागद लागला नाही.
दम कधीच कमी नव्हता.

फेरीचं भाडं सगळ्यांना सारखं असतं.
पगार मोठा, तो भाडं भरून वर पापलेट आणतो.
पगारच भाड्याएवढा,
तो वीस तारखेपासून श्वास मोजतो.

हर्षाली वरठा, आरेतल्या पाड्यावरची.
कांदिवलीच्या ट्रॅकवर चपला कडेला ठेवून
पळाली सव्वीस पूर्णांक एक.
मी घड्याळ दोनदा बघितलं.
म्हटलं, आठशे धावशील?
ती म्हणाली, दोनशेत मी कुणाची पाठ बघत नाही सर.
आठशेत बघावी लागेल ना?
लागेल. सहाशेपर्यंत.
तिने मान हलवली, पण मला हवी तशी नाही.

पहिल्या शर्यतीत पहिली फेरी एकोणसाठ.
मी कुंपणावरून ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.
साडेपाचशेला पाय शिशाचे झाले,
चौघी पुढे गेल्या, एकेक करून,
ज्यांच्यातली एकही दोनशे एकोणतिसाच्या आत पळत नाही.
गुडघे धरून, वाकून, ओठ पांढरे,
तरी हसतच म्हणाली:
पैसे होते सर. सुट्टे नव्हते.

मला जन्मभर सुट्टेच होते, पोरी.
खिसा खुळखुळायचा नुसता,
नोट एकही नाही.

आता मंगळवार-शुक्रवार तिला चाळीस मिनिटं संथ पळायचंय.
ती तोंड वाकडं करते. कंटाळा येतो म्हणते, रस्ता सरत नाही.
मी सायकल काढायला जातो,
तर म्हणते, सायकल नको, तुम्हीच पळा ना सोबत.
सत्तावन्न वर्षांचा आहे मी, गुडघा वाजतो.
तरी नाडी बांधतो बुटाची.

बोलत बोलत जाऊ, म्हटलं,
तेवढं मला जमतं.